नादाची नक्कल

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव गोरोबाकाकांचे म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु 'तगर' या नावाने त्याचा लौकिक प्राचीन काळी पश्चिमेकडील व्यापाऱ्यांतही होता. तेथे सापडलेल्या अवशेषांत रोमन नाण्यांचा छाप उठविलेली मातीची पदके आहेत. ती नाणे म्हणून कोणी बाजारात चालविणे शक्य नव्हते. माती ती माती. अस्सल कोणते व नक्कल कोणती, हे नखाने टोकरूनही कळावे अशी तेव्हाची स्थिती होती. तबकडीवरील संगीत संगणकात उतरवून घेण्याचा जो प्रघात अलीकडे सुशिक्षित घरांतून पडला आहे, त्याने हा भेदच पुसून टाकला आहे.

1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर एका सेकंदाच्या नादाची 44,100 मापे असतात व प्रत्येक माप 16 बिटांच्या आकड्यात लिहिलेले असते. पुढे आलेल्या डीव्हीडी-ऑडिओ तबकडीत मापे 24 बिटांची, आणि सेकंदास 96,000 किंवा 1,92,000 पर्यंत असू शकतात. म्हणजे तबकडीत नाद नसतो, आकडे असतात. आणि आकडा उतरवून घेतला तरी तो तोच आकडा राहतो. किंबहुना काही बाबतीत नक्कलच अधिक प्रामाणिक ठरते. ओरखडा पडलेली सीडी यंत्रावर लावली, की जे माप वाचता येत नाही ते यंत्र शेजारच्या मापांवरून अदमासाने भरून काढते आणि श्रोत्यास पत्ताही लागत नाही. काळजीपूर्वक उतरवून घेणारी आज्ञावली मात्र ती जागा पुनःपुन्हा वाचते, आणि वाचने जुळली नाहीत तर तसे स्पष्ट नमूद करते. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. फाटक्या पानावरील अक्षर स्वतःच्या मनाने भरणारे लेखक त्यांच्याही आधी पुष्कळ होऊन गेले असतील.

आता प्रश्न असा. आमच्या एका स्नेह्यांनी पुण्यास लहान जागेत बिऱ्हाड हलविताना आपला तबकड्यांचा संग्रह विकावयास काढला. तत्पूर्वी सर्व संगीत संगणकात उतरवून ठेवले. तबकडी गेली, गाणे राहिले. यात अन्याय कोणावर झाला? घेणाऱ्यास पुरी तबकडी मिळाली, एक स्वरही उणा नाही. शेत विकून पीक मात्र आपल्याच खळ्यात आणणे हा दाखला येथे लागू पडत नाही, कारण पीक एकदाच निघते. हे पीक कितीही जणांनी कापले तरी उभेच राहते. स्नेह्यांचा हा युक्तिवाद आम्हांस बराच वेळ अडवून धरणारा वाटला.

तथापि तो शेवटपर्यंत टिकत नाही. त्यांनी विकले काय? प्लॅस्टिकचा चकता नव्हे. त्याचे मोल कवडीचे. किंमत आली ती ऐकण्याच्या अधिकाराची, आणि तोच अधिकार त्यांनी मागे ठेवून घेतला. एकच तबकडी अशा रीतीने दहा घरांतून फिरली, तर ऐकणारी घरे दहा व खरेदी एक. गवई, तबलजी, ध्वनिमुद्रण करणारा, यांच्या श्रमाचा मोबदला खरेदीच्या संख्येवर ठरतो. तो या फेऱ्यात कोणीही न चोरता नाहीसा होतो. चोर दिसत नाही म्हणून चोरी झाली नाही असे म्हणणे न्यायशास्त्रास धरून नाही.

याउलट, तबकडी कपाटात ठेवून तिची प्रत स्वतः ऐकणाऱ्यास दोष देणे आम्हांस केवळ सोवळेपणाचे वाटते. कायदाही येथे समंजस आहे. 1957 च्या कृतिस्वाम्य कायद्यात खाजगी उपयोगासाठी केलेल्या उचित वापरास मोकळीक आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने तबकडीवरील सांकेतिक कुलूप फोडणे दंडनीय केले ते हक्कभंगाचा हेतू असेल तरच. 1999 पासून निघालेल्या सुपर ऑडिओ सीडीवर असे कुलूप असते. स्वतः विकत घेतलेल्या पेटीचे कुलूप उघडणारा आणि शेजाऱ्याचे उघडणारा, दोघांच्या हातची हत्यारे एकच असतात. कायद्याने हत्याराकडे न पाहता मनाकडे पाहिले, हे त्यास भूषणावह आहे.

जुन्या ध्वनिमुद्रिकांची गोष्ट निराळी. प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे लोटली, की ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व संपते. लाखेच्या त्या तबकड्या हातातून पडल्या की फुटतात. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी मुलाम्याच्या तबकडीवर चढून सूर्यमालेपलीकडे गेली. त्यांच्या समकालीनांचे गाणे मात्र आपल्या माळ्यांवर धूळ खात आहे. ते उतरवून घेण्यास परवानगी कोणाची मागावी हा प्रश्न उरत नाही, चोखपणाचा उरतो. खरखर काढून टाकण्याची साधने आता घरोघरी आहेत, आणि खरखरीबरोबर तानेची धारही निघून जाते हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ज्याला स्वच्छ केलेली प्रत ठेवावयाची असेल त्याने ती खुशाल ठेवावी. पण शेजारी मूळ खरखरीची प्रतही असावी, आणि कोणती कोणती ते तिच्यावर लिहिलेले असावे.