गप्प झालेली गाडी

इटलीच्या उत्तरेला कोमो नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठी त्याच नावाचे शहर आहे, आणि ते रेशमासाठी ओळखले जाते. तिथल्या एका रेशीम कारखान्यात एक तरुण तपासनिसाचे काम करी. छापून आलेले कापड उजेडाच्या टेबलावरून सरकत जाई आणि हा त्यावर नजर रोखून उभा राही. कुठे धागा सुटला, कुठे रंग रेघेबाहेर गेला, कुठे गाठ राहिली, ते त्याला क्षणात दिसे. काठाला दोरा बांधून तो खूण करी आणि कापड परत पाठवी. डाग असलेले कापड त्याच्या हातून कधी पुढे गेले नाही. मालकांचा त्याच्यावर भरवसा होता.

कामावरची ती नजर तो घरीही घेऊन येई.

पगारातून पैसे साठवून त्याने एक मोटरसायकल घेतली. मोटो गुझ्झीची व्ही-सेव्हन क्लासिक, 744 सीसीची. पहिली व्ही-सेव्हन 1967 साली बाजारात आली. तिचे इंजिन ज्युलिओ चेझारे कार्कानो या अभियंत्याने आखले होते. तिचेच नाव आणि तिचाच तोंडवळा घेऊन 2008 मध्ये ही नवी निघाली. पांढरी टाकी, टाकीवर पंख पसरलेला गरुड, तारांची चाके. दोन सिलिंडर टाकीखालून डावी-उजवीकडे बाहेर आलेले, बसले की दोन्ही गुडघ्यांच्या पुढे एकेक. हिला चेन नाही, मागचे चाक शाफ्टवर फिरते. ही गाडी किती पळते असे फारसे कुणी विचारत नाही. लोक जवळ येतात, टाकीवर हात ठेवतात आणि आमच्या मामाकडे अशीच होती म्हणून सांगू लागतात. गाडीचे असे भाग्य थोर म्हटले पाहिजे.

पहिल्याच दिवशी तरुणाने उभ्या उभ्या रेस दिली, तशी गाडी उजवीकडे कलली. त्याने पुन्हा रेस दिली. ती पुन्हा कलली. तो तडक दुकानात गेला.

“कलणारच,” दुकानदार म्हणाला. “हिचा क्रँक गाडीच्या लांबीने बसवलाय. तो एकीकडे जोर करतो, गाडी दुसरीकडे झुकते. अशा इंजिनाच्या गुझ्झींचं असंच. रस्त्याला लागलात की जाणवणारसुद्धा नाही.”

त्यावर इलाज नव्हता, म्हणून तरुणाने ते सोडून दिले. पण मग त्याचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे गेले. दोन्ही बाजूंच्या हेडमधून बारीक टक-टक येत होती. सिग्नलला थांबले की ती ऐकू येई, भिंतीजवळून जाताना दुप्पट होई. एकदा कानात बसली ती बसलीच. सरोवराचा काठ, वळणे, वारा, काही त्याला दिसेना. तो फक्त टक-टक ऐके.

घराजवळच्या एका गॅरेजात त्याने गाडी नेली.

“टॅपेट आहेत ते,” मेकॅनिक म्हणाला. “थोडे वाजतातच.”

“मला तो आवाज नको.”

“कमी करता येईल, पण...”

“कमी नको. बंद करा.”

गिऱ्हाईक हटून बसले होते. मेकॅनिकने टॅपेट आवळले. गाडी गप्प झाली. तरुण समाधानाने घरी आला.

घरी त्याचे वडील होते. दोघेच राहत. वडील बोलके होते. भाजी चिरताना गुणगुणत, जेवताना जुन्या गोष्टी सांगत. मुलाने गाडी आणल्यापासून तर त्यांना उधाण आले होते. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांकडे फाल्कोने होती, गुझ्झीचीच, 500 सीसीची, एकच आडवा सिलिंडर असलेली. तिचे जड फ्लायव्हील इंजिनाबाहेर उघडेच गरगरत असे. त्या गाडीवर बसून गिझाल्लोचा घाट चढल्याची गोष्ट त्यांनी कितीतरी वेळा सुरू केली होती. शब्दही तेच, थांबायच्या जागाही त्याच.

“बाबा, हे सांगून झालंय,” मुलगा म्हणे.

“हो का?” बाबा म्हणत आणि घास घेत.

हळूहळू त्यांनी गोष्टी सांगणे सोडले. मग गुणगुणणेही थांबले. घर गप्प झाले. तरुणाला वाटले, बाबा आता समजूतदार झाले.

काही आठवडे गेले. गाडी तापलेली असली की चटकन सुरू होईना. सिग्नलला इंजिन अडखळे. वेग कमी केला की सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येई. तरुणाने प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलून पाहिला. फरक पडला नाही.

एका शनिवारी तो सरोवरकाठच्या बेल्लाज्यो गावाहून गिझाल्लोच्या घाटाला लागला. हा घाट सायकलवाल्यांचा. साडेसातशे मीटर उंचीवर एक लहानसे देऊळ आहे, माता मेरीचे. 1949 मध्ये पोप बारावे पायस यांनी गिझाल्लोची ही मेरी सायकलस्वारांची रक्षक म्हणून जाहीर केली. फाउस्तो कोप्पी आणि जिनो बार्ताली या सायकलपटूंच्या सायकली तिथे भिंतीवर टांगल्या आहेत. चढ असा की चांगले चांगले खोगीर सोडून उभे राहतात. तरुणाची गाडी दुसऱ्या गिअरमध्येच कण्हू लागली. वळण आले की दम तुटे. पहिल्या गिअरवर, धापा टाकत, ती कशीबशी देवळापाशी पोहोचली.

तिथे एक म्हातारा सायकल भिंतीला टेकवून पाणी पीत होता. त्याने मान कलती करून इंजिन ऐकले. तरुण गाडी बंद करणार, तोच त्याने हात वर केला.

“थांब पोरा. चालू राहू दे.”

तो खाली वाकला. एका हेडपाशी कान नेला, मग दुसऱ्या.

“फार गप्प आहे तुझी गाडी,” तो म्हणाला.

“मुद्दाम करून घेतलीय.”

“ते कळलंच.”

म्हातारा सरोवराच्या पलीकडच्या काठावरचा, मान्देल्लोचा होता. गुझ्झीचा कारखाना तिथलाच. आयुष्यभर तो तिथे इंजिने जुळवत आला होता. “उताराला लाग,” तो म्हणाला, “उतारावर तिला त्रास नाही. बेल्लाज्योहून फेरी पकडू. आमच्याकडे चल.”

दोघे फेरीबोटीवर चढले, एक सायकल आणि एक मोटरसायकल. पाण्यावर वारा होता. म्हाताऱ्याने टाकीवरच्या गरुडावर बोट ठेवले आणि विचारले, “हा कुणाचा, ठाऊक आहे?”

तरुणाला ठाऊक नव्हते.

“पहिल्या महायुद्धात विमानदलात तिघं मित्र होते. कार्लो गुझ्झी, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली. लढाई संपली की मोटरसायकली बनवायच्या असं तिघांनी ठरवलं होतं. राव्हेल्ली लढाईतून वाचला आणि 1919 मध्ये विमान पडून गेला. उरलेल्या दोघांनी 1921 मध्ये कंपनी काढली. गरुड त्याच्यासाठी.”

ही गोष्ट आपण कुठेतरी ऐकली आहे, असे तरुणाला वाटले. मग आठवले. गाडी आणली त्या रात्री बाबा टेबलावर गरुडाचे काहीतरी सांगू लागले होते. दुसऱ्या वाक्यालाच त्याने त्यांना थांबवले होते.

वारेन्नाला उतरून ते काठाकाठाने मान्देल्लोला पोहोचले. तरुणाला वाटले, लगेच पाने बाहेर निघतील. म्हाताऱ्याने मान हलवली. “टॅपेट गरम इंजिनावर मोजत नाहीत. रात्रभर गार होऊ दे. तूही राहा.”

घरात म्हातारी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे होती. जेवायला पोलेंता आणि मिसोल्तीनी होती, म्हणजे सरोवरातली मासळी, खारवून सुकवून मग भाजलेली. सगळे एकदमच बोलत होते. म्हाताऱ्याने कारखान्यातली एक गोष्ट काढली. म्हातारी म्हणाली, हे तुम्ही दरवेळी चुकीचं सांगता, आणि तिने ती पहिल्यापासून सांगितली. नातवाला ती पाठ होती, तो शेवट आधीच ओरडला. तरीही सगळे हसले. तरुणाच्या कानाला सवय नव्हती. त्याला रात्री उशिरा झोप लागली.

सकाळी म्हाताऱ्याने काम काढले. प्लग काढले, हेडची झाकणे उघडली. गाडी स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकली आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवले. प्लगच्या भोकात बारीक काडी धरली होती, ती पिस्टनबरोबर वर आली आणि थांबली. तिथे त्याने चाक सोडले.

“आता रॉकर हलवून बघ.”

तरुणाने बोटाने रॉकर हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

“हा इथे किंचित हलायला पाहिजे. तुझी टक-टक इथलीच. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे जागा असते, तेवढीच ती वाजते.” त्याने फीलर गेज उघडले आणि एक पातळ पान वेगळे काढले. “इनलेटला 0.15 मिलिमीटर. एक्झॉस्टला 0.20. तुझ्याकडे काहीच उरलेलं नाही.”

“एवढ्याशा जागेने काय होतं?”

“तापलं की लोखंड वाढतं. व्हॉल्व्ह लांब होतो. लांब व्हायला जागा नसली की रॉकर त्याला दाबून धरतो, तो आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही. फटीतून जळता वायू सुटतो. ताकद तिथूनच गेली तुझी. आणि व्हॉल्व्ह निवतो तो सीटवर टेकल्यावर. टेकायलाच मिळालं नाही, तर जळून जातो. वरून मात्र अगदी छान, शांत वाटतं.”

तरुण काही वेळ पाहत राहिला. “एक्झॉस्टला जास्त जागा का?”

“तो जास्त तापतो,” म्हातारा म्हणाला.

त्याने लॉकनट ढिला केला, स्क्रू किंचित उलटा फिरवला, पान मधे सरकवले आणि तरुणाच्या हातात दिले. “ओढ. अडकायला नको, आणि सळकन सुटायलाही नको. जरा धरून सुटलं पाहिजे.” एक बाजू त्याने स्वतः केली. दुसरी तरुणाला करायला लावली. तरुणाने पहिल्यांदा सवयीने जास्तच आवळले. पान शिरेना. त्याने पुन्हा ढिले केले, पुन्हा मोजले. बोटांना तो बेताचा अडसर कळेपर्यंत ऊन अंगणात आले होते.

म्हाताऱ्याने प्रेशरचे गेज लावून पाहिले. काटा दोन्ही बाजूंना वर चढला. व्हॉल्व्ह वाचले होते. मग त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सायलेन्सरच्या पट्टीचा एक नट हलवून दाखवला. “हा बघ, हा खरा सैल आहे. टॅपेटच्या नादात तुला हा ऐकूच आला नाही. हा आवळ.” तरुणाने तो पक्का आवळला.

गाडी सुरू झाली. टक-टक परत आली होती. तरुण लेक्कोवरून कोमोला निघाला. वाटेतल्या चढांवर गाडीने एकदाही दम टाकला नाही.

बिघाडही वाजतो आणि स्वभावही वाजतो. सैल नट आवळायलाच हवा, तिथे दयामाया नको. पण जिथे जागा मुद्दाम ठेवलेली असते तिथूनही आवाज येतो, आणि तो दाबला की शांतता मिळते, आत मात्र जळत जाते. घरातल्या माणसांचेही मला तसेच वाटते. माणूस तापतो, थकतो, म्हातारा होतो. तीच गोष्ट पुन्हा सांगायला त्याला थोडी जागा लागते, आणि जो अधिक सोसून आलेला असतो त्याला जरा जास्तच लागते.

तरुण घरी पोहोचला तेव्हा बाबा स्वयंपाकघरात घेवडा सोलत बसले होते. त्याने खुर्ची ओढली आणि शेंगा पुढ्यात घेतल्या.

“बाबा, आजोबांच्या फाल्कोनेचं ते बाहेरचं चाक कुठल्या अंगाला होतं?”

बाबांनी वर पाहिले. “डाव्या. सांगून झालंय ते.”

“पुन्हा सांगा.”

बाबांनी आधी दोन शेंगा सोलल्या. मग सुरुवात केली, त्याच शब्दांत. घाट आला, पहिले वळण आले, आणि मुलगा नेहमी तोडायचा ती जागाही आली. या वेळी गोष्ट पुढे गेली. त्या वळणावर आजोबांनी गाडी थांबवली होती, लहानग्याला पुढे बसवले होते आणि हँडल त्याच्या हातात दिले होते. मुलाने हे कधी ऐकलेच नव्हते.

“मग?” त्याने विचारले.

“मग काय, गेलो की खड्ड्यात!” बाबा म्हणाले आणि ठसका लागेपर्यंत हसले.

पुढच्या रविवारी दोघे निघाले. बाबा मागे बसून रस्ताभर बोलत होते. बेल्लाज्यो मागे टाकून चढ लागला. एका वळणावर त्यांनी मुलाच्या खांद्यावर थाप मारली आणि गाडी थांबवायला लावली. “इथेच,” ते म्हणाले. मुलाने हेल्मेट काढले, रस्त्याच्या कडेला जाऊन पाहिले आणि विचारले, “कुठल्या बाजूला पडलात, बाबा?”