मुदत संपलेल्या वस्तूंचें जतन

एखादी वस्तु जुनी झाली, तिच्या कर्त्यानें तिची जबाबदारी सोडली आणि ती वापरणें धोक्याचें आहे असें जाणत्यांनीं सांगितलें, म्हणजे ती लोकांच्या हातून काढून घ्यावी कीं जपून ठेवावी? हा प्रश्न प्रथमदर्शनीं यंत्रें जाणणाऱ्यांचा वाटतो. आमच्या एका स्नेह्यांच्या निमित्तानें तो आमच्यापुढें आला, तेव्हां तो नीतीचाही आहे अशी आमची खात्री झाली.

हे स्नेही आपल्या वडिलांच्या लेखसंग्रहाची दुसरी आवृत्ति काढूं इच्छितात. पहिली आवृत्ति पंचवीस वर्षांपूर्वीं गिरगांवांतल्या एका दुकानांत संगणकावर जुळविली गेली होती. तिची सीडी त्यांनीं कपाटांत जपून ठेविली होती. घरच्या नव्या संगणकावर पानांची फाइल उघडलीच नाहीं. मजकुराची उघडली, तों पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ! मराठीचें एक अक्षर दिसेना. शेवटीं आम्ही दोघे त्या दुकानांत गेलों. मूळ मालकांच्या जागीं आतां त्यांचे चिरंजीव बसतात. त्यांनीं कोपऱ्यांतल्या एका यंत्रावरचें कापड दूर केलें. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि त्या काळचे फाँट होते. थोड्याच वेळांत वडिलांची प्रस्तावना जशीच्या तशी पडद्यावर उमटली व आमच्या स्नेह्यांस क्षणभर बोलवेना. "काका, हें यंत्र आम्ही इंटरनेटला कधींच जोडीत नाहीं," चिरंजीव म्हणाले, "पण तें बंद पडलें, म्हणजे पुढें काय करायचें, तें मला सुचत नाहीं."

असें कां व्हावें, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. प्रत्येक लिपींतील अक्षरास आपला स्वतंत्र क्रमांक देणारा युनिकोड १९९१ सालीं निघाला; विंडोजमध्यें देवनागरीसाठीं त्याची सोय २००० सालच्या आवृत्तींत झाली, आणि ती छपाईच्या धंद्यांत रुळण्यास आणखी कैक वर्षें लागलीं. तोंवर फाँट बनविणारा प्रत्येक जण रोमन अक्षरांच्या घरांत काना, मात्रा व अर्धाक्षरें आपल्या मर्जीप्रमाणें बसवीत असे. एकाच्या घरांत जेथें काना, तेथें दुसऱ्याच्या घरांत रफार. शिवाय कित्येक ठिकाणीं हें सॉफ्टवेअर चालण्यास यंत्राच्या पाठीमागें एक लहानशी किल्ली लावावी लागे. ती लावण्याची खांचच आजच्या संगणकास नसते. म्हणून मजकूर शाबूत असूनही, तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जुळविला गेला तिच्यावांचून तो मुका आहे.

आणि त्या सिस्टिमची मुदत तर संपली आहे. एक्सपी २००१ सालीं आली. ८ एप्रिल २०१४ रोजीं तिचा आधार मायक्रोसॉफ्टनें काढून घेतला. आधार संपला म्हणजे तींत पुढें जें छिद्र सांपडेल, तें बुजविण्याचें कर्तव्य कोणावर राहिलें नाहीं. हीच गति प्रत्येक सिस्टिमला येते. आतां पुष्कळसे संगणक दुकानांत नसून दूरच्या कोठारांत असतात. त्यासच क्लाउड म्हणतात. तेथें प्रत्येक सिस्टिमची सर्व मांडामांड केलेली एक तयार प्रतिमा ठेविलेली असते. जुळवून बांधून ठेविलेला खिळ्यांचा फर्मा पुन्हा यंत्रावर चढवावा, त्याप्रमाणें ती प्रतिमा उचलली कीं घटकाभरांत नवा संगणक उभा राहतो. मुदत संपल्यावर कोठारवाल्यांनीं ही प्रतिमा ठेवावी कीं काढावी, असा वाद आहे.

काढावी म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. लालबाग-परळकडे पावसाळा जवळ आला कीं अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, हें वाचकांस ठाऊकच आहे. अशा चाळींतला एखादा भाडेकरू म्हणतो, "मी माझ्या जबाबदारीवर राहीन." परंतु भिंत पडते ती त्याच्या एकट्याच्या अंगावर पडत नाहीं, खालून जाणाऱ्यावरही पडते. २०१७ च्या मे महिन्यांत 'वॉनाक्राय' नांवाचा संगणकी उपद्रव जगभर पसरला, तेव्हां इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांस रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. छिद्र यंत्रांत होतें, भोगलें रोग्यांनीं. चालू सिस्टिमांसाठीं तें छिद्र बुजविणारें ठिगळ मार्चमध्येंच निघालें होतें. ज्यांनीं तें लावलें नव्हतें ते सांपडले. एक्सपीसाठीं तर तें उपद्रव सुरू झाल्यावरच सर्वांस खुलें झालें. जो जुनी प्रतिमा नव्याच्या रांगेंत मांडतो, तो अजाणास फसवितो, असें म्हणण्यास जागा आहे.

तथापि येथें दोन भिन्न क्रिया एकत्र मिसळल्या जात आहेत. जतन करणें ही एक, आणि वापरण्यास पुढें करणें ही दुसरी. १८९८ सालीं स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेनें शंभर वर्षांपूर्वींचें वैद्यकाचें पुस्तक जपलें, तर तिला कोणी दोष देत नाहीं. त्यांतला टाकून दिलेला उपचार रोग्यावर करणारा वैद्य मात्र दोषास पात्र होतो. पुस्तक जाळल्यानें रोगी वांचत नाहीं. केवळ आपले पूर्वज काय समजत होते, तें कळण्याची वाट बुजते. डेबियन ह्या सिस्टिमचे चालक हाच भेद पाळतात. त्यांच्या जुन्या आवृत्त्या रोजच्या भांडारांतून निघतात व वेगळ्या संग्रहांत जातात. तेथें दुरुस्ती मिळत नाहीं. पण ज्यास गरज आहे, त्यास वस्तु मिळते.

आमच्या मतें कोठारवाल्याचें कर्तव्य तीन प्रकारचें आहे. जुनी प्रतिमा त्यानें नव्याच्या रांगेंतून उचलावी. ती मागणाऱ्यास ती कोणत्या दिवशीं निराधार झाली, तें आधीं सांगावें, व ती उभी राहील ती बाहेरच्या जाळ्याशीं न जोडलेलीच उभी राहील, अशी व्यवस्था ठेवावी. आणि तीवरून नव्यावर जाण्याचा रस्ता दाखवावा. चाळीवर नोटीस डकवून पर्यायी जागा न दाखविणारा आपलें अर्धेंच कर्तव्य करतो. ह्यास खर्च येतो, हें खरें. परंतु ज्यांनीं वर्षानुवर्षें लोकांस आपल्या वस्तूवर विसंबावयास लावलें, त्यांस तो खर्च अन्यायाचा म्हणतां येणार नाहीं.

वापरणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे. सवय सुटत नाहीं म्हणून जुन्या यंत्रावर रोजचा हिशेब व गिऱ्हाइकांची माहिती ठेवणारा दुसऱ्याच्या जिवावर आपला आळस पोसतो. जुन्याकडे जावें तें त्यांत अडकलेलें सोडवून आणण्यासाठीं.

आमचे स्नेही सध्यां तेंच करीत आहेत. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारीं साधनें आहेत, पण तीं चुकतात; कोठें जोडाक्षर मोडतें, कोठें वेलांटी भलत्या अक्षरास चिकटते. म्हणून ते दर शनिवारीं त्या दुकानांत जातात. एका बाजूस नवा पडदा, दुसऱ्या बाजूस कापड काढलेलें जुनें यंत्र, आणि मध्यें बसून ते वडिलांचें एकेक वाक्य ताडून पाहतात. चाळीस पानें झालीं आहेत; एकशें साठ उरलीं आहेत. तोंवर तें यंत्र टिकावें, एवढीच त्यांची इच्छा आहे. आणि न टिकलें तर त्याची एखादी प्रतिमा कोठें तरी कोणीं जपून ठेविलेली असावी, ही आमची.