तामीर कुणाच्या हक्काची?

युद्धात जमीनदोस्त झालेले प्रार्थनास्थळ त्याच जागी पुन्हा बांधले, तर ते जुनेच म्हणायचे की जुन्याची नक्कल? प्रश्न पंडिती वाटेल, पण बेल्जियममधील मेसेनच्या लोकांना तो खरोखरच सोडवावा लागला.

मेसेन कागदोपत्री शहर आहे, तेही बेल्जियममधील सर्वांत लहान. वस्ती जेमतेम हजाराची, म्हणजे आपल्या हिशेबाने खेडेच. अकराव्या शतकात फ्लँडर्सच्या काउंटची पत्नी आदेला हिने येथे मठ स्थापला. १०७९ साली तिचे दफनही येथेच झाले. १९१४ च्या ऑक्टोबरअखेर युद्ध येथे येऊन थडकले. त्या आघाडीवर ५७ वी वाइल्ड्स रायफल्स ही हिंदी पलटण होती. जवळच होलेबेके येथे ३१ ऑक्टोबरला १२९ व्या बलुची पलटणीचा खुदादाद खान जखमी अवस्थेत मशीनगन चालवत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक. हे युद्ध कुणाचे, असे त्याला कुणी विचारले नव्हते. पुढच्या चार वर्षांत गाव मातीला मिळाले. चर्चचे तेवढे जुने तळघर वाचले.

युद्धानंतर चर्चिल यांचे मत होते की, जवळचे ईप्र शहर भग्नावस्थेतच ब्रिटिश सैनिकांचे स्मारक म्हणून राखावे. विचार उदात्त खरा; पण तो मायदेशी परतणाऱ्याचा! ज्यांना तेथेच चूल मांडायची होती ते आले, आणि ईप्र उभे राहिले. मेसेनही उभे राहिले. १९२० च्या दशकात जुन्या तळघरावर चर्चच्या नव्या भिंती चढल्या.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे, शब्दाच्या मुळाशी जायची आम्हांला खोड. तामीर, इमारत आणि उम्र हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. म्हणून वास्तूचे वय दगडावरून नव्हे, तेथील माणसांच्या राबत्यावरून मोजावे, असे आम्हांला वाटते. या न्यायाने मेसेनचे चर्च जुनेच. मात्र नव्या भिंती अकराव्या शतकातल्या म्हणून दाखवणे ही लबाडी ठरेल.

१९१४ साली मेसेनच्या या पडक्या वास्तूचे चित्र एका जर्मन शिपायाने काढले होते. त्याचे नाव अॅडॉल्फ हिटलर. त्याच्याच एसएस सैनिकांनी १० जून १९४४ रोजी फ्रान्समधील ओरादूर-सूर-ग्लान या खेड्यात ६४३ माणसे मारली. पुरुषांना कोठारांत गोळ्या घातल्या. चारशेहून अधिक बायका-मुलांना गावच्या मध्ययुगीन चर्चमध्ये कोंडून आग लावली. येथे आमचा राबत्याचा न्याय अडतो. राबता ठेवायला उरले कोण? फ्रान्सने ते गाव जसेच्या तसे ठेवले आणि शेजारी नवे गाव, नवे चर्च बांधले. आगीत वितळलेल्या घंटेचा गोळा जुन्या चर्चमध्ये आजही आहे. त्या भिंती पुन्हा चढवल्या असत्या, तर पुरावा झाकला गेला असता.

पण पाऊस भग्नावशेषांनाही सोडत नाही. पडके पडकेच दिसावे म्हणून तेथे गवंडी लावावे लागतात, सरकारला पैसा ओतावा लागतो. आणखी दोन पिढ्यांनी ओरादूरच्याच वारसांनी म्हटले, आता या भिंती पडू द्या, तर? मेसेनच्या लोकांना दिलेला हक्क त्यांना कसा नाकारायचा? आमचे मन नाकारण्याकडे झुकते. कारण विचाराल, तर ते अजून आम्हांला नीट मांडता येत नाही.