वाजत राहिलेला फोन कोणाचा?

मराठीत ‘समिती’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला आपोआप हसू येतं. एखादा प्रश्न सोडवायचा नसेल तर त्यावर समिती नेमावी, हे आपल्या सार्वजनिक जीवनातलं जुनं शहाणपण. त्यामुळे मानसिक संकटातल्या माणसांसाठी चालणाऱ्या हेल्पलाइन्समध्ये समन्वय साधायला सरकारने समिती नेमावी, असं कोणी सुचवलं तर ‘झालं, आता फायली फिरणार’ हीच पहिली प्रतिक्रिया येईल. पण या सूचनेच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिवावर उदार झालेल्या माणसाने फोन केला आणि तो कोणीच उचलला नाही, तर चूक कोणाची?

आपल्याकडची परिस्थिती पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने सप्टेंबर 2020 मध्ये ‘किरण’ ही हेल्पलाइन सुरू केली. आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर 2022 मध्ये ‘टेली-मानस’ सुरू केली. तिचा क्रमांक 14416, आणि ती 20 भाषांत चालते. म्हणजे दोन वर्षांत दोन मंत्रालयांचे दोन क्रमांक. याखेरीज मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’, नवी मुंबईची ‘आसरा’, पुण्याची ‘कनेक्टिंग’ आणि इतर शहरांतल्या कितीतरी संस्था. कोणाकडे पगारी समुपदेशक, कोणाकडे स्वयंसेवक. कोणी चोवीस तास, कोणी ठरावीक वेळेत. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका निकालात असे क्रमांक वसतिगृहांत आणि वर्गांत ठळक अक्षरांत लावायला सांगितले. एकट्या 2022 या वर्षात देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी सर्वाधिक, 22,746, महाराष्ट्रात. तेव्हा भिंतीवर क्रमांक हवेतच.

आता अशा भिंतीसमोर रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या मुलीची कल्पना करा. पहिला क्रमांक एंगेज. दुसऱ्यावर ‘आमची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा’ ही ध्वनिफीत. तिसरा नुसताच वाजतो. चौथा उचलला जातो, पण तिला हवी असलेली भाषा तिथे नाही. प्रत्येक संस्थेने आपल्या परीने चोख काम केलेलं आहे. तरीही या मुलीचा फोन वाया गेला, आणि त्याबद्दल जाब विचारावा असं कोणीही नाही.

तत्त्वज्ञानात या अवस्थेसाठी एक जुना भेद उपयोगी पडतो. कांट कर्तव्यांचे दोन प्रकार मानतो. दिलेलं वचन पाळणं हे पूर्ण कर्तव्य. ते मोडलं की अमुक एका माणसावर अन्याय होतो. गरजूंना मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य. ते केलं पाहिजे हे खरं, पण कोणाला, कधी, किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आठवड्यातले चार तास देणारा स्वयंसेवक दुसऱ्या प्रकारचं काम करतो. त्याचे चार तास ही देणगी आहे. पाचव्या तासाला वाजलेल्या फोनबद्दल त्याला दोष देता येत नाही.

हेल्पलाइन ही कल्पना अशा देणगीतूनच जन्मली. लंडनमध्ये चॅड वारा या धर्मगुरूने 1953 मध्ये आपल्या चर्चमध्ये एक फोन ठेवला आणि आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांनी संपर्क साधावा असं जाहीर केलं. लोक येऊ लागले, रांग लागू लागली. थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशी दोन शब्द बोलायला काही स्वयंसेवक होते. वाराच्या लक्षात आलं की या स्वयंसेवकांशी बोलून झाल्यावर अनेकांना त्याला भेटण्याची गरजच उरत नव्हती. उपचार करणाऱ्यापेक्षा ऐकणारा अनेकदा पुरेसा असतो, हा शोध प्रतीक्षेच्या खोलीत लागला, आणि त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

सरकार या क्षेत्रात उतरतं तेव्हा मात्र कर्तव्याचा प्रकारच बदलतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आत्महत्या कमी करण्यासाठी कार्यक्रम आखणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. सरकारने क्रमांक छापून भिंतीवर लावला की तो क्रमांक हे वचन होतं. मग न उचललेला फोन ही नुसती दुर्दैवाची गोष्ट राहत नाही. ज्याला वचन दिलं त्याच्याशी केलेली ती प्रतारणा ठरते. समितीचं पहिलं नैतिक काम इथे आहे: ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाला एक पत्ता मिळवून देणं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे ‘ऑन-कॉल’ नावाचा प्रकार असतो. रात्री सर्व्हर पडला तर कोणाचा फोन वाजणार हे आधी ठरलेलं असतं, त्याने पंधरा मिनिटांत उचलला नाही तर पुढचा कोण हेही ठरलेलं असतं. खरेदीची वेबसाइट बंद पडू नये म्हणून आपण एवढी व्यवस्था करतो.

समन्वयाचा दुसरा फायदा गणिताचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने 1917 मध्ये फोनच्या रांगांची सूत्रं मांडली. ती वापरून एक हिशोब करू. समजा, पाच संस्था आहेत. प्रत्येकीकडे दोन ऐकणारे, तासाला सरासरी तीन फोन, आणि प्रत्येक फोन सरासरी अर्ध्या तासाचा. पाचही वेगवेगळ्या चालल्या तर फोन करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे 64 जणांना थांबावं लागतं, आणि सर्वांची सरासरी काढली तर प्रतीक्षा जवळजवळ 39 मिनिटांची. आता हीच दहा माणसं एका सामाईक रांगेला जोडा. थांबावं लागणारे 31 वर येतात आणि सरासरी प्रतीक्षा चार मिनिटांच्या आत. एकही नवा माणूस न नेमता! हे गणित समजल्यावर ‘आमची संस्था, आमचा नंबर’ हा आग्रह निरागस राहत नाही. त्या आग्रहाची किंमत फोनच्या दुसऱ्या टोकाचं कोणीतरी मोजत असतं.

पण गणिताच्या पोटात दोन गृहीतकं आहेत आणि खरी अडचण तिथे आहे.

पहिलं गृहीतक असं, की रांगेतला माणूस कितीही वेळ थांबतो. संकटातल्या माणसाकडे नेमका तेवढा धीर नसतो. हे गृहीतक समन्वयाची बाजू आणखी बळकट करतं. दुसरं गृहीतक मात्र उलट्या बाजूचं आहे: सगळे ऐकणारे सारखेच, कोणीही उचलला तरी चालेल. बँकेच्या खिडकीवर हे खरं असेल. इथे नाही.

भाषेचं उदाहरण घ्या. साताऱ्याचा मुलगा हैदराबादला नोकरी करतो. त्याचा फोन कुठे जावा? तेलंगणात, कारण रुग्णवाहिका तिथूनच येणार. की महाराष्ट्रात, कारण तो रडणार मराठीत? अमेरिकेत जुलै 2022 मध्ये 988 हा एकच राष्ट्रीय क्रमांक सुरू झाला, तेव्हा फोन क्रमांकाच्या एरिया कोडवरून कॉल वळवले जात. गाव सोडून दुसऱ्या टोकाला गेलेल्या माणसाचा कॉल त्याच्या जुन्या गावी पोचत असे. ‘जवळचा’ म्हणजे कोण, हे ठरवणं हा दिसायला तांत्रिक, पण मुळात नैतिक निर्णय आहे.

त्याहून अवघड आहे गुप्ततेचं वचन. काही संस्था मानतात की फोन करणाऱ्याचा निर्णय त्याचा आहे; त्याच्या संमतीशिवाय त्याचा ठावठिकाणा शोधायचा नाही. काही मानतात की जीव धोक्यात असेल तर पोलिसांना कळवलंच पाहिजे. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणसं आहेत. पण रांग एक झाली की आपल्याला यांपैकी कोणतं वचन मिळालंय हे फोन करणाऱ्याला कळणार नाही. ते नशिबावर ठरेल. आपल्याकडे आत्महत्येचा प्रयत्न हा दीडशे वर्षांहून अधिक काळ गुन्हा होता. 2017 च्या कायद्याने त्याची धार बोथट केली आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुनं 309 कलम राहिलं नाही. कायदा बदलला तरी पोलिसांची भीती तेवढ्या वेगाने जात नाही.

शिवाय, समन्वयासाठी माहिती लागते. हाच माणूस काल दुसऱ्या संस्थेशी बोलला होता का, हे कळायचं तर त्याला ओळखता आलं पाहिजे. डेटाबेसमध्ये एकदा रकाना वाढवला की त्याचे नवनवे उपयोग सुचत जातात, हे माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

आणि एकत्र केलेली गोष्ट एका आदेशाने बंदही होऊ शकते. 988 वर समलिंगी आणि ट्रान्स तरुणांसाठी 3 हे बटण दाबण्याची सोय होती. जुलै 2025 मध्ये सरकारने ती बंद केली. आपल्याकडे मुलांसाठीची 1098 ही सेवा 1996 मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर वाढली. 2023 मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. 112 हा पोलिसांचाही क्रमांक आहे. यात कार्यक्षमता असेलही. पण घरातून पळालेल्या, खाकी गणवेशाला घाबरणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही तीच सेवा राहते का, हा प्रश्न कार्यक्षमतेच्या तक्त्यात बसत नाही.

मग समिती नको? मला तसं वाटत नाही. विखुरलेपणाला ‘विविधता’ म्हणून गोंजारणं सोपं आहे, पण एंगेज टोन ऐकणाऱ्याला ती विविधता काही उपयोगाची नसते. माझं म्हणणं एवढंच, की रांग एक करावी, कान एक करू नयेत. कॉल वळवणं, वेळापत्रक जुळवणं, रात्रीची पाळी वाटून घेणं, न उचललेल्या फोनचा आकडा दर महिन्याला जाहीर करणं, हे समितीने सक्तीने करावं. ऐकायचं कसं, हे संस्थांवर सोडावं. समितीत मंत्रालयांच्या सचिवांइतकीच जागा प्रत्यक्ष फोन उचलणाऱ्यांना आणि कधीकाळी असा फोन केलेल्यांना असावी. आणि प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला, बोलणं सुरू होण्याआधी, दोन वाक्यांत नियम सांगावा: तुमचं बोलणं कोणाला कळेल, आणि कोणत्या परिस्थितीत आम्ही मदत पाठवू.

या शेवटच्या सूचनेला किंमत आहे. ती दोन वाक्यं ऐकून काहीजण फोन ठेवतील, आणि त्यांच्यापैकी एखाद्याला कदाचित वाचवता आलं असतं. नियम लपवला तर तो बोलत राहिला असता, पोलीस पोचले असते. पण दार ठोठावलं गेल्यावर वाचलेला तो माणूस, आणि त्याची हकिगत ऐकणारे त्याचे दहा मित्र, पुढच्या वेळी फोन उचलतील का? हेल्पलाइनकडे ना गोळ्या असतात, ना खाटा. तिच्याकडे अनोळखी माणसाचा विश्वास एवढंच साधन असतं. ते खर्च करून एक जीव वाचवण्याचा निर्णय प्रत्येक वेळी चूक असेल असं मी म्हणत नाही. तो रात्री दोन वाजता एकट्या स्वयंसेवकाच्या माथी मारला जाऊ नये, एवढं म्हणतो. तो आधी, उजेडात, नावानिशी जबाबदार असलेल्या माणसांनी घेतलेला असावा. समित्या बसतात ते अशाच कामासाठी.