चाळिसावी जागा

२०१५मध्ये वर्ल्ड सिरीज खेळलेल्या न्यूयॉर्क मेट्सने २०१७मध्ये ९२ सामने गमावले. निम्मा संघ दुखापतींनी पोखरला होता. नोआ सिंडरगार्डने दंड दुखत असूनही एमआरआय नाकारला आणि काही दिवसांतच त्याचा काखेमागचा स्नायू फाटला. कर्णधार डेव्हिड राइटचा मणकाच अरुंद. त्यात त्याचा काय दोष? आपण लगेच निवाडा करतो: एकाने ओढवून घेतले, दुसऱ्यावर ओढवले.

बेसबॉलचा नियम मात्र हा भेद करत नाही. मोसमात दीर्घकाळ जायबंदी असलेला खेळाडू चाळीस जणांच्या यादीत मोजला जात नाही. वर्ल्ड सिरीज संपली, की ही सवलतही संपते. दुखणे तेच, पण आता त्याला चाळिसांत घ्या, नाहीतर सोडा.

इथे दया सोपी वाटते. पण चाळिसावी जागा जुन्याला दिली, की खालच्या संघात वाट पाहणारा एखादा पोरगा बाहेर राहतो. आपल्या दयेची किंमत तोच मोजतो आणि आपल्याला त्याचे नावही ठाऊक नसते.

म्हणून ऋणांची वेगळी मोजदाद हवी. उपचार, ठरलेला पैसा आणि मान ही जायबंदी माणसाची देणी आहेत. ती बुडवता येत नाहीत. जागा मात्र कुणाचीच मिरास नाही. २९ सप्टेंबर २०१८ला राइट अखेरचा तिसऱ्या बेसवर उभा राहिला. जानेवारीत संघाने त्याला मुक्त केले. यात मला कृतघ्नता दिसत नाही. मान आधी दिला, जागा नंतर मोकळी केली. हा क्रम उलटला असता, तर तो अन्याय ठरला असता.