परमुलखातले दुखणे

अतिथीला देव मानायला फारसे धाडस लागत नाही, कारण तो सकाळी निघून जाणार असतो. मनुस्मृतीने अतिथी कोणाला म्हणावे हे सांगताना एका रात्रीच्या मुक्कामाची मर्यादाच घालून दिली आहे. जेवू घालावे, अंथरूण द्यावे, उजाडल्यावर वाटेला लावावे, एवढ्यात यजमानाच्या पदरी पुण्य पडते. पण त्याच पाहुण्याला रात्री हीव भरून ताप चढला, उलट्या-जुलाब सुरू झाले आणि चार दिवस त्याला उठवेना, तर? त्याची भाषा कळत नाही, त्याच्या माणसांचा पत्ता नाही, त्याच्यापाशी पैसे आहेत की नाहीत ठाऊक नाही, आणि तो कधी जाईल हेही सांगता येत नाही. आतिथ्याचे नियम धडधाकट प्रवाशाला धरून रचलेले असतात. आजारी प्रवासी त्या नियमांच्या बाहेर पडतो. म्हणून धर्माची खरी परीक्षा त्याच्यापाशी होते. या लेखाचे म्हणणे इतकेच की, परक्या आजाऱ्याचा आपल्यावर हक्क असतो आणि तो हक्क आपल्या दयेतून येत नाही, त्याच्या गरजेतून येतो. हे एकदा मान्य केले की दोन गोष्टी ओघानेच येतात: त्या सेवेला अट घालता येत नाही, आणि ती कुणा एकाच्या चांगुलपणावर सोडून देता येत नाही.

मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याला हा प्रश्न नवा नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो आणि पुढे वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाटाची वाट लागते. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, किती नाणी दिली याची त्यात लांबलचक यादी आहे. त्याच घाटात एक अगदी छोटा लेखही आहे, सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचा. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या आणि चित नावाच्या यवनाने भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. सोपाऱ्याला ज्या अशोकाच्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये सापडला, त्याने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची, वाटेवर विहिरींची आणि झाडांची सोय केल्याचे नमूद केले आहे, आणि ही सोय शेजारच्या यवन राजाच्या मुलखातही केल्याचे म्हटले आहे. या दात्यांना पुण्य हवे होते, मग ती निरपेक्ष सेवा कशी, असे कोणी म्हणेल. पण यज्ञाची दक्षिणा कोणाला द्यायची हे राणी ठरवू शकत होती; पोढीतले पाणी कोण पिणार हे गोविंददासाला ठरवता येत नव्हते. दात्याचा हेतू काहीही असो, घेणारा निवडण्याचा अधिकार त्याने सोडून दिला होता. सेवेची निरपेक्षता मनातल्या हेतूपेक्षा या सोडून देण्यात असते.

धर्मग्रंथांनी हा हक्क ओळखलेला आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असतो. बाकीचे त्याच्याकडे पाहत नाहीत, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नसतो. बुद्ध आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतात, उचलून खाटेवर निजवतात आणि मग संघाला विचारतात की, तुम्हाला ना आई ना बाप. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. यातला युक्तिवाद दयेचा नाही. घर सोडलेल्या माणसाजवळ घरचे कोणी नाही, म्हणूनच जवळ असलेल्यावर त्याचा अधिकार चालतो, असा तो आहे. कुराणाने रोजाच्या सक्तीतून ज्यांना सवलत दिली त्यांत आजारी आणि प्रवासी ही दोन नावे शेजारी-शेजारी येतात, आणि जकातीच्या आठ वाटेकऱ्यांत वाटसरूचाही वाटा धरला आहे. वाटा म्हटला की उपकाराची भाषा संपते. मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाच्या वेळी विचारले जाणारे प्रश्न परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याकडे लक्ष दिले का, असे साधे आहेत.

तरीही हक्क मान्य करणे आणि अट न घालणे यांत अंतर राहते. ते किती असू शकते हे कल्याणातच वाढलेल्या, 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या शिक्षणासाठी पती गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याकडे मदत मागितली, तेव्हा ख्रिस्ती होण्याची अपेक्षा पुढे आली. तो पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना घर देऊ केले. आनंदीबाईंची प्रकृती अमेरिकेला जाण्याआधीपासूनच नरम होती. कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधेही पाठवली होती. 1883 मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी, अनोळखी अन्न आणि अभ्यासाचा ताण यांनी त्या खंगत गेल्या आणि त्यांना क्षयाने गाठले. 1886 मध्ये पदवी मिळाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, त्या वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. वाइल्डर दुष्ट होते असे मानायचे कारण नाही. आपल्या समजुतीप्रमाणे त्यांना आनंदीबाईंच्या आत्म्याचे कल्याणच हवे होते. पण अडलेल्या माणसापुढे ठेवलेले आमंत्रण हे आमंत्रण राहत नाही, कारण नाही म्हणण्याची मोकळीक त्याच्याजवळ उरलेली नसते. उलट बाजूने आनंदीबाईंनीही एक गोष्ट दाखवून दिली. कार्पेंटरबाईंना मावशी मानून त्यांनी सेवा स्वीकारली, आणि आपला धर्म, लुगडे, शाकाहार काहीही गहाण टाकले नाही. घेणारा लाचार व्हायलाच हवा, असा नियम नाही.

पहिला आक्षेप आपल्याच घरातला आहे. ज्याचे त्याचे भोग ज्याने त्याने भोगावेत. आजार हे पूर्वकर्माचे फळ, त्यात इतरांनी का पडावे? सातासमुद्रापार गेल्याचे फळ म्हणून आनंदीबाईंकडे बोट दाखवणे सनातनी मनाला सोपे होते, आणि लुगडे व शाकाहार न सोडल्याचे फळ म्हणणे सुधारकी मनालाही. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला वेदनांची आठ कारणे सांगतो. त्यांत वात, पित्त, कफ, ऋतुबदल, चुकीची वागणूक, बाहेरचा आघात ही सगळी येतात. कर्म हे त्यांतले केवळ एक कारण आहे. पण वादापुरते धरू की सगळेच दुखणे कर्माचे. तरी त्यातून फार तर आजाऱ्याचा हिशेब कळतो. शेजारी उभे असलेल्याने काय करावे, हे त्यातून निघत नाही. पाणी न देणे हेही कर्मच आहे आणि त्याचे फळ न देणाऱ्याच्या नावावर चढते. कर्मसिद्धान्त प्रामाणिकपणे मानणाऱ्याला तर सेवा टाळण्याची अधिकच भीती वाटायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे आणि तो मुरबाड-शहापूरच्या माणसाने घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. पावसाळ्यात माळशेजला मुंबई-ठाण्याहून झुंडी येतात. काही दारू पिऊन धबधब्याखाली उतरतात, मनाई आदेश धाब्यावर बसवतात. त्यांच्यापैकी कोणी पडला-झडला किंवा तापाने फणफणला, तर आडगावच्या सरकारी दवाखान्यातली खाट त्याला द्यायची, आणि सर्पदंश झालेल्या कातकऱ्याला खाली निजवायचे का? या रागातला न्यायाचा भाग खरा आहे. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. खाट कोणाला हे गरजेने ठरावे; पैशाने ठरू नये आणि गावानेही ठरू नये. सर्पदंश झालेला आधी, मग तो पाड्यावरचा असो की परदेशातला. बेपर्वाईचा दंड वसूल करायचा असेल तर तो पोलिसांनी करावा, पण उपचार झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा निकालात हेच सांगितले: जखमी माणूस निरपराध असो की गुन्हेगार, डॉक्टरचे पहिले काम त्याचा जीव वाचवणे. आणि जे शहर हे डोंगर पाहायला येते, त्याच्या पैशातून या भागात दुसरी खाटही आली पाहिजे. दृश्य घेऊन जायचे आणि ओझे गावावर टाकायचे, हा प्रवाशाचा अधर्म आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा. परका आजारी माणूस रोगही घेऊन येतो. 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी वेशीवर काटेरी झुडपे आणि ओंडके टाकून रस्ते अडवले, आणि त्याच दिवसांत शहापूर-कसाऱ्यावरून मजूर कुटुंबे नाशिकच्या दिशेने पायी चालत होती. भीती खोटी नव्हती. पण सावध राहणे आणि वाऱ्यावर सोडणे या दोन गोष्टी आहेत. अंतर राखूनही पाणी, औषध आणि निवारा देता येतो. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः त्याच रोगाने गेल्या. प्रत्येकाने एवढे करावे अशी सक्ती कोणताही धर्म करू शकत नाही, मात्र त्याहून पुष्कळ कमी करण्यात काहीच धोका नसतो, आणि आपण बहुधा तेवढेही टाळतो. शिवाय वेशीच्या आतला माणूस कायम आतच राहतो असेही नाही. या तालुक्यांतली कातकरी कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मूल तापले की तीच परकी ठरतात. आपल्या माणसासाठी दुसऱ्या गावात जो हक्क मागायचा, तो आपल्या गावात आलेल्याला नाकारता येत नाही.

म्हणून या सेवेची कायमची व्यवस्था हवी. चांगुलपणा कधी असतो, कधी नसतो, आणि आजार त्याची वाट पाहत नाही. गाडगे महाराजांनी हे ओळखले होते. देवळे न बांधता त्यांनी यात्रेच्या गावांत धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्या परगावच्या रुग्णांना आजही आसरा देते. टोकावड्यापासून शहापूरपर्यंत सप्ताहाची आणि मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी काढणारी मंडळे गावोगाव आहेत. त्यांनी दरवर्षी त्या वर्गणीतला एक भाग दवाखान्याकडे वळवावा: रात्रीच्या गाडीच्या डिझेलसाठी, नातेवाइकांना टेकायला एका खोलीसाठी, बेवारस आलेल्याच्या जेवणासाठी. आणि त्या खोलीत कोणाला ठेवायचे हे ठरवताना नाव, जात, धर्म, गाव यांतले काहीही विचारू नये. काय होतंय, एवढेच विचारावे.