पात्र आणि पात्रता

‘पात्र’ या एकाच शब्दाने मराठीत भांड्याचाही बोध होतो आणि योग्य व्यक्तीचाही. धारण करण्याची क्षमता हा या दोन अर्थांना जोडणारा धागा होय. परंतु पात्राने द्रव धारण करावा यासाठी आधी कोणीतरी पात्राला धारण करावे लागते, या साध्या गोष्टीकडे चिंतनाचे लक्ष क्वचितच गेले आहे. न्यायदर्शनाने घटाचे उदाहरण शतकानुशतके घोळवले. माती, कुंभार, दंड आणि चक्र अशी त्याची कारणे सांगितली. उचलणाऱ्या हाताला त्या कारणांत स्थान मिळण्याचे प्रयोजन नव्हते. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने 1950 सालच्या एका व्याख्यानात सुरईचे सुरईपण तिच्या भिंतींत नसून तिच्या पोकळीत आहे, असे प्रतिपादन केले. त्याच्या आधी गेओर्ग झिमेल याने पात्राच्या कानावर, म्हणजे मुठीवर, एक स्वतंत्र निबंध लिहिला; तो 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहात आहे. पात्र कलेच्या जगातही असते आणि व्यवहाराच्या जगातही, आणि मूठ हा त्या दोन जगांमधील पूल असतो, हे त्याचे म्हणणे. मात्र त्या पुलावरून येणारा हात कोणाचा, हा प्रश्न तेथेही शिल्लकच राहतो. तो प्रश्न सौंदर्यशास्त्राचा नाही, नीतीचा आहे.

पेयाची बाटली ही या प्रश्नाची आजची सर्वांत परिचित जागा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. गुळगुळीत, सरळ नळकांड्यासारखी बाटली केवळ घर्षणाच्या बळावर हातात राहते. थंड बाटलीवर दव जमले की हे घर्षण उणावते आणि बोटांना अधिक दाब द्यावा लागतो. सशक्त माणसाला हे जाणवतही नाही; पण ज्याचे सांधे संधिवाताने सुजले आहेत त्याला तो दाब वेदनेच्या रूपात मोजावा लागतो. बाटलीला मध्ये कंबर दिली, तर वरच्या फुगीर भागाचे वजन बोटांवर विसावते आणि आवळण्याचे कष्ट वाचतात. मोठ्या बाटलीचा घेर असा असतो की अंगठा आणि बोटे एकमेकांजवळ येऊच शकत नाहीत. तेथे खाच किंवा मूठ नसेल तर एका हाताचे काम दोन हातांना करावे लागते. झाकणाचा व्यास जितका लहान, तितका ते फिरवण्यास जोर अधिक. म्हणजे आकाराविषयीचा प्रत्येक निर्णय हा कोणाच्या तरी बळाविषयी धरलेले गृहीत असते. ज्याचा हात त्या गृहीतात बसत नाही, तो बहुधा बाटलीला दोष देत नाही. तो स्वतःच्या हाताला दोष देतो. पात्राची अपात्रता माणसाच्या माथी येते ती अशी.

भारतीय घरातील तांब्या या बाबतीत अधिक जाणता होता. त्याचा गळा निमुळता आणि काठ बाहेर वळलेला असतो. गळ्याभोवती बोटे वळली की काठच त्याला निसटू देत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने 1958 साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. तो भरलेला असताना आणि रिकामा असताना कसा तोलला जातो, कसा ओततो, आणि तो हाताळणारे हात केवढे, किती बळाचे, स्त्रीचे की पुरुषाचे, हे सारे त्यांनी विचारात घेतले. लोटा कोणा एकाने घडवला नाही, तो पिढ्यांनी घडवला, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच अहवालाच्या प्रेरणेतून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली.

तथापि, या प्रशंसेला एक काळी किनार आहे. हाताला सुखद असलेला तो तांब्या धरण्याचा अधिकार प्रत्येक हाताला नव्हता. ज्यांना अस्पृश्य ठरवले गेले, त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. साताऱ्याच्या शाळेत शिपायाने तोटी उघडली तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नमूद करून ठेवले आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ पाण्याला लागली तेव्हा सिद्ध झाले ते हेच, की धरण्याची सोय ही धरण्याच्या हक्कानंतरची गोष्ट आहे. हातच नाकारला गेला असेल, तर आकाराच्या सौष्ठवाला नैतिक अर्थ उरत नाही.

दुसरी शंका उलट दिशेने येते. हाताचा विचार करणारी प्रत्येक वस्तू हाताचा आदर करतेच असे नाही. 1915 साली अमेरिकेत कोका-कोलासाठी जी बाटली घडवली गेली, तिच्यामागची अपेक्षा अशी होती की अंधारातही केवळ स्पर्शाने ती ओळखता यावी. पहिल्या नमुन्याचा मध्यभाग तळापेक्षा रुंद होता आणि यंत्राच्या पट्ट्यावर तो स्थिर राहीना, म्हणून तो फुगवटा कमी केला गेला. हात सुखावला, पण अनुषंगाने. खरे प्रयोजन त्या हाताने दुसरी बाटली उचलू नये हे होते. मनुष्याला केवळ साधन मानू नये, असे कांटने 1785 मध्ये बजावले होते. त्या कसोटीवर पाहता दोन बाटल्यांचा आकार तंतोतंत सारखा असूनही त्यांची नीती भिन्न असू शकते.

मग सुलभता हेच अंतिम मूल्य मानावे काय? औषधाच्या बाटलीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अमेरिकेत 1970 च्या कायद्याने घातक औषधांची झाकणे लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी करणे भाग पाडले. मुलाचे रक्षण झाले. पण म्हाताऱ्या हातांपुढे तेच झाकण अडसर बनले. पुढे 1995 मध्ये चाचणीचे नियम बदलले आणि पन्नाशी उलटलेल्या प्रौढांना ते उघडता येते की नाही, हेही पाहिले जाऊ लागले. दोन दुर्बल हातांच्या हितांत विरोध आला असता एकाचा बळी न देता दोघांसाठी मार्ग शोधणे, हे अभिकल्पाचे कौशल्य तर आहेच. ते न्यायाचेही लक्षण आहे. सॅम फार्बर यांनी पत्नीच्या संधिवातामुळे 1990 मध्ये जाड, मऊ मुठीची सोलाणी बाजारात आणली. ती धडधाकट माणसांनाही तितकीच मानवली. सर्वांत अशक्त हाताला प्रमाण मानल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही, हे त्यातून दिसले. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वत्रिक अभिकल्पाची व्याख्या केली, ती याच विचाराला धरून.

अखेरची अडचण सर्वांत अवघड आहे. 1973 मध्ये पेट प्लास्टिकच्या बाटलीचे पेटंट मिळाले आणि पात्र अभूतपूर्व हलके झाले. उचलण्यास सोपे ते टाकण्यासही सोपे ठरले. तांब्या पिढ्यांनी जपला. ही बाटली घोटाभर सुखानंतर परकी होते आणि ती वेचण्यासाठी दुसरेच हात वाकतात. त्या हातांचा विचार आकार ठरवताना झालेला नसतो. पिणारा हात, बनवणारा हात आणि वेचणारा हात या तिघांनाही जी वस्तू जड होत नाही, तीच खऱ्या अर्थाने धरण्याजोगी. माणूस पात्र आहे की नाही हे पात्राने ठरवू नये. पात्राची पात्रता मात्र प्रत्येक हाताने पारखावी.